अठ्ठाविसावी चाल

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सर्वप्रथम एक कबुली. व्याख्यान देण्याचा मला अनुभव नाही. मी डिप्लोमावाला माणूस, मिरजेच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलो आणि रेल्वेच्या सिग्नल खात्यात चिकटलो. आमच्या धंद्यात बोलणं कमी आणि रजिस्टरात लिहिणं जास्त. चिटणीस साहेबांनी मला 'रेल्वेची सिग्नल यंत्रणा' हा विषय सुचवला होता. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात हाच विषय मी मांडला होता तेव्हा पहिल्या रांगेतले दोन अधिकारी शांतपणे झोपले होते. म्हणून मी त्यांना म्हटलं, मी बुद्धिबळाच्या एका डावाबद्दल बोलतो. सिग्नल त्यात ओघानं येईलच.

आपल्या भागात बुद्धिबळाबद्दल बोलायचं म्हणजे कोल्हापुरात कुस्तीबद्दल बोलण्यासारखं आहे. उस्मान रोडच्या मागच्या गल्ल्यांत फिरा, दर दुसऱ्या इमारतीवर बुद्धिबळाच्या क्लासची पाटी दिसते. आज इथे बसलेल्या मुलांपैकी निम्मी मला बारा-पंधरा चालींत मात देतील. तेव्हा मुलांनो, काही चुकलं तर हात वर करू नका, नंतर कोपऱ्यात घेऊन सांगा.

डाव कोणता? २१ नोव्हेंबर २०१३, गुरुवार. जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यातला नववा डाव. विश्वनाथन आनंद विरुद्ध नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन. हा सामना इथून दोन-तीन किलोमीटरवर, अण्णा सालैवरच्या हयात रिजन्सी हॉटेलात झाला. आपण पानगल पार्कजवळ भाजी घेत होतो आणि तिकडे जगातले दोन सर्वांत हुशार मेंदू काचेआड बसले होते. आनंद त्रेचाळीस वर्षांचा, कार्लसनला तेवीस पूर्ण व्हायला नऊ दिवस उरलेले. सामना बारा डावांचा. पहिले चार बरोबरीत. पाचवा आणि सहावा कार्लसननं जिंकले. सातवा, आठवा पुन्हा बरोबरी. म्हणजे नवव्या डावाला बसताना गुण पाच विरुद्ध तीन आणि डाव उरलेले चार. आनंदकडे पांढरी मोहरी होती. त्याला जिंकणं भाग होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्या महिन्यात आमच्याकडे आले होते. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. सांगली-मिरजेकडच्या माणसाला बुद्धिबळ नवं नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं सांगलीत दरवर्षी स्पर्धा भरवून दोन-तीन पिढ्या घडवल्या. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, सांगलीच्याच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पा मला तिथे घेऊन जात आणि एका टेबलापाशी उभं करत. 'बोलायचं नाही, खोकायचं सुद्धा नाही, फक्त बघायचं.' मला तेव्हा ती शिक्षा वाटायची. आप्पा स्वतः मोठे खेळाडू नव्हते. पण वर्तमानपत्रात छापून आलेला डाव वहीत उतरवायचा, पटावर लावायचा, आणि जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलीनं फुली मारायची ही त्यांची आयुष्यभराची सवय.

त्या दिवशी माझी रात्रपाळी संपलेली होती. मांबलम स्टेशनजवळच्या आमच्या भाड्याच्या घरात दुपारी तीनला टीव्ही लागला. आप्पांनी चटईवर पट मांडला. एवढ्यात खालून आमचे घरमालक आले. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा बँकेतून निवृत्त. त्यांना मराठी येत नाही, आप्पांना तमिळ येत नाही, दोघांचं इंग्रजी पोस्ट आणि बँकेपुरतं. पण पटाजवळ बसल्यावर दोघांना दुभाषा लागला नाही. आप्पा म्हणत घोडा, मामा म्हणत कुदिरै. प्यादं म्हणजे सिप्पाय, हे तर आपला शिपाईच. घोटाळा फक्त एका ठिकाणी झाला. मामा उंटाला 'मंदिरी' म्हणत. मंत्री म्हणजे वजीर, असं धरून आप्पा भलतंच मोहरं उचलत. दहा मिनिटं दोघे एकमेकांकडे संशयानं बघत होते.

आता डाव. इथे पडद्यावर पट लावला आहे, मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर पुढे या.

आनंदनं वजिराच्या पुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. हे महत्त्वाचं, कारण त्याआधी दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या डावात त्यानं राजाचं प्यादं पुढे टाकून सुरुवात केली होती आणि कार्लसननं भिंत बांधल्यासारखा बचाव केला होता. पहिल्याला कॅरो-कान, पुढच्या तिन्हींना बर्लिन बचाव. त्या भिंतीवर डोकं आपटून झालं होतं. म्हणून नवव्या डावात दरवाजा बदलला. कार्लसनचं उत्तर निम्झो-इंडियन बचाव.

या नावाची गोष्ट मला फार आवडते. निम्झो म्हणजे आरॉन निम्झोविच, रिगा शहरात १८८६ साली जन्मलेला खेळाडू. आणि इंडियन म्हणजे आपणच. १८५० च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, त्या काळचा नावाजलेला खेळाडू. त्याच्याशी महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक बंगाली गृहस्थ शेकडो डाव खेळले. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जायचं, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्या सवयीमुळे बॅनर्जी प्यादी एकेक घर हळूहळू सरकवत आणि उंट कोपऱ्यातून लांबवर रोखून ठेवत. युरोपात तेव्हा सगळे मध्यभागी प्यादी घुसवत असत. त्यांना हे विचित्र वाटलं. पुढे या पद्धतीच्या बचावांना 'इंडियन' हेच नाव पडलं. ज्या सवयीला तिकडचे लोक मागासलेली समजले, त्याच सवयीवर निम्झोविचसारख्यांनी नंतर अख्खं शास्त्र उभं केलं.

निम्झो-इंडियनमध्ये काळा काय करतो? मध्यभागी स्वतः प्यादं नेऊन बसत नाही. तो तिसऱ्या चालीला उंट बी-४ वर आणतो आणि पांढऱ्याचा घोडा जागच्या जागी जखडून टाकतो. त्या घोड्याच्या मागे राजा आहे, त्यामुळे घोडा हलू शकत नाही. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर लाइनवर आपली गाडी उभी करायची नाही, पण केबिनमध्ये बसून चावी आपल्याकडे ठेवायची. लाइन मोकळी दिसते, पण जाता येत नाही.

आनंदनं चौथ्या चालीला एफ-३ प्यादं सरकवलं. हे धाडसाचं. राजापुढची तटबंदी थोडी सैल होते, पण मध्यभागी ई-४ प्यादं नेण्याची तयारी होते. पाचव्या चालीला उंटाला हुसकावलं, उंटानं घोडा मारला, पांढऱ्याची प्यादी एकावर एक आली. आठव्या चालीला कार्लसननं सी-४ प्यादं पुढे ढकललं आणि वजिराकडची बाजू बंद करून टाकली. इथे डावाचा नकाशा ठरला. काळा म्हणाला, मी या बाजूनं प्यादं नेऊन वजीर करणार. पांढरा म्हणाला, मी त्या बाजूनं तुझ्या राजावर चाल करून येणार. सिंगल लाइन सेक्शनवर दोन गाड्या सुटल्या. प्रश्न एवढाच, कोण आधी पोहोचतं?

आप्पा आणि मामा दोघंही एव्हाना पुढे झुकून बसले होते. आनंदनं दहाव्या चालीला जी-४ केलं तेव्हा मामांनी मांडीवर थाप मारली. या सामन्यात पहिल्यांदाच आनंद आपला आनंद दिसत होता. अण्णा सालैवरचा नव्हे, जुना, सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या ताल चेस क्लबमध्ये धडाधड डाव खेळणारा पोरगा, ज्याच्या गोष्टी मामा सांगत होते. मॅन्युएल आरन यांनी त्या केंद्रात मुलांना पट उपलब्ध करून दिले. आरन स्वतः १९६१ मध्ये भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. आनंद १९८७ मध्ये जागतिक ज्युनियर विजेता आणि त्यानंतर लगेच १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर. मामा हे सांगत होते आणि आप्पा मध्येच म्हणाले, 'पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ ची, एलुरूची. त्यात आमचे सापरे वेंकय्यांबरोबर संयुक्त विजेते होते, हे यांना सांग.' मी सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि कॉफी मागवली. एक एक बरोबरी.

तेविसाव्या चालीपाशी आनंद बराच वेळ विचार करत बसला. टीव्हीवर नुसतं डोकं दिसत होतं. मग वजीर एफ-४. चोविसावी, एफ-६ प्यादं काळ्याच्या राजाच्या अगदी दारात. सव्विसावी, वजीर एच-६. आता पांढऱ्याचा बेत मुलांनाही दिसेल: हत्ती एच-४ वर आणायचा आणि वजिरानं एच-७ चं प्यादं मारून मात. काळ्याकडे त्यासाठी मोहरी नाहीत. त्याच्याकडे फक्त एक प्यादं आहे, बी-२ वर, वजीर व्हायला एक घर बाकी.

सत्ताविसावी चाल. आनंद हत्ती एफ-४. कार्लसन, प्यादं बी-१, वजीर, आणि राजाला शह.

आप्पा इथे एकदम हसले. म्हणाले, 'आमच्या आजोबांच्या नियमानं हे प्यादं घोडा झालं असतं, आणि आनंद जिंकला असता.' देशी खेळात प्यादं ज्या पट्टीत पोहोचतं, त्या पट्टीचं मोहरं होतं. बी ही घोड्याची पट्टी. घोडा झाला असता तर शह नाही, आणि शह नसता तर हत्ती एच-४ वर गेलाच असता. मी हे मामांना कसंबसं समजावलं. ते म्हणाले, कार्लसनला सांगायला हवं होतं.

तर आता शह आहे. पांढऱ्याचा राजा जी-१ वर. मध्ये काहीतरी आणून शह अडवायचा. एफ-१ वर उंट आणता येतो, किंवा जी-३ वरचा घोडा आणता येतो. उंट आणला तर कार्लसनचा नवा वजीर डी-१ वरून एच-५ वर धावून जातो, स्वतःचा बळी देतो, आणि काळा वाचतो. नंतरच्या विश्लेषणात असं दिसलं की डाव साधारण बरोबरीच्या दिशेनं गेला असता. आनंदला बरोबरी नको होती. त्याला वाटलं, घोडा आणला तर? मग वजीर डी-१, हत्ती एच-४, वजीर एच-५, हत्तीनं वजीर मारला, आणि मग घोडा ई-३ वर येऊन डाव जिंकतो. ही वाट त्यानं पूर्ण तपासली होती. आणि त्यानं घोडा उचलला. घोडा एफ-१.

आता पट नीट बघा. घोडा जी-३ वरून उठला. त्याच्या उठण्यानं काय झालं? ई-१ पासून एच-४ पर्यंतची तिरकी रेषा मोकळी झाली. ई-१, एफ-२, जी-३, एच-४. आतापर्यंत त्या रेषेवर आनंदचाच घोडा उभा होता. कार्लसननं वजीर ई-१ वर ठेवला. आता हत्ती एच-४ वर आला की वजीर त्याला खाणार. हल्ला संपला. आनंदनं तिथेच डाव सोडला.

आमच्या सिग्नलच्या भाषेत, आनंदनं एक रूट शंभर टक्के तपासला. पण तो तपासताना त्यानं आपल्याच हातानं दुसऱ्या रूटवरचा अडथळा काढला, आणि तो रूट बघायचा राहिला.

घरात काही क्षण कोणी बोललं नाही. मामा उठले, चप्पल घातली आणि न बोलता खाली गेले. आप्पांनी वहीत लिहिलं: २८. घोडा एफ-१. आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं. बुद्धिबळाच्या लिखाणात दोन प्रश्नचिन्हं म्हणजे घोडचूक. मराठीत हा शब्द किती चपखल बसतो बघा. त्या दिवशी कोणाला हसू आलं नाही.

मग मी आप्पांना एक गोष्ट सांगितली. ती दोन वर्षं मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. आज इथे माझे सहकारी बसले आहेत, त्यांतल्या काहींना ती माहीत आहे, पण पूर्ण नाही.

२०११ साली मी ज्युनियर इंजिनिअर होतो. एका यार्डात, नाव घेत नाही, रात्री पॉइंटचं काम होतं. पॉइंट म्हणजे सांधा, जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते. केबलचे जुने तुकडे काढून नवे जोडायचे होते. त्यासाठी आधी डिस्कनेक्शन मेमो द्यायचा, काम झालं की तपासायचं, आणि मग रिकनेक्शन मेमोवर सही करायची. तपासणी साधी असते. पॅनेलवर पॉइंट नॉर्मल दाखवतो तेव्हा जमिनीवर तो खरोखर नॉर्मल आहे का, रिव्हर्स दाखवतो तेव्हा खरोखर रिव्हर्स आहे का, हे एका माणसानं पॅनेलपाशी आणि एकानं रुळापाशी उभं राहून बघायचं. यालाच आम्ही करस्पॉन्डन्स टेस्ट म्हणतो. दहा मिनिटांचं काम.

त्या रात्री दोन गाड्या बाहेर उभ्या होत्या, कंट्रोलचा फोन सारखा वाजत होता. मी जंक्शन बॉक्समधली प्रत्येक तार स्वतः जोडली होती. मशीन फिरलं, पॅनेलवर खूण आली, आणि मी मेमोवर सही केली. मला खात्री होती. मी जो विचार केला तो सगळा बरोबर होता. पण मोटरच्या आणि दर्शकाच्या, दोन्हीकडच्या तारा मी एकाच क्रमानं उलट्या जोडल्या होत्या. एकच बाजू उलटली असती तर यंत्रणेनं लगेच बोंब मारली असती. दोन्ही उलटल्या की पॅनेल खूश. ते नॉर्मल दाखवतं आणि जमिनीवर सांधा रिव्हर्सला लागलेला असतो.

माझ्याबरोबर एक खलाशी होते. वयानं मोठे, मी त्यांना अण्णा म्हणायचो. ते म्हणाले, 'सार्, पाइंट पात्तींगळा?' म्हणजे, साहेब, पॉइंट बघितलात का? मी म्हटलं, बघितला. मी बघितला नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. बॅटरी घेतली आणि एकटेच रुळांतून चालत गेले. दोन मिनिटांनी त्यांची हाक आली. मी धावत स्टेशन मास्तरांकडे गेलो. सिग्नल अजून दिलेला नव्हता. गाडी होम सिग्नललाच उभी राहिली.

कोणाला काही झालं नाही. मी चूक स्वतः कळवली, चौकशी झाली, माझी एक वेतनवाढ थांबली. ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घरी मी सांगितलं की यंदा वाढ उशिरा मिळणार आहे.

आप्पांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा पाठीवर हात ठेवतील. त्यांनी पोस्टमास्तरासारखे प्रश्न विचारले.

'गाडीत माणसं किती होती?'

'मालगाडी होती. मागची पॅसेंजर.'

'तू कळवलंस ते लेखी?'

'हो.'

'त्यात काय लिहिलंस?'

'तपासणीत दोष आढळला, असं.'

'कोणाला आढळला?'

मी गप्प बसलो. कारण माझ्या अहवालात अण्णांचं नाव नव्हतं. मी खोटं लिहिलं नव्हतं. नुसतं 'आढळला' असं लिहिलं होतं. मराठी काय, इंग्रजी काय, सरकारी भाषेत कर्ता गाळायची फार सोय असते. माझी चूक मी मान्य केली म्हणून माझं थोडं कौतुकही झालं होतं, आणि ते मी घेतलं होतं.

आप्पा म्हणाले, 'त्यांना किती वर्षं राहिली?'

'जानेवारीत निवृत्त होतायत.'

यावर आप्पा काही बोलले नाहीत. पटावरची मोहरी डब्यात भरली. रात्री जेवताना फक्त आनंदबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी दहावा डाव बरोबरीत सुटला, साडेसहा विरुद्ध साडेतीन, कार्लसन जगज्जेता झाला. तो डाव आप्पांनी वहीत उतरवला नाही, हे मला आठवतं. मी मात्र त्या दिवशी ऑफिसात बसून दोन पानी पत्र लिहिलं. २०११ मध्ये जे लिहायला हवं होतं ते, अण्णांच्या नावासकट. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, 'इतक्या उशिरा?' मी म्हटलं, हो साहेब, उशिरा. कागद पुढे गेला. कागद कसे जातात तुम्हाला माहीत आहे. अण्णा जानेवारीत निवृत्त झाले, प्रशस्तिपत्र आणि बक्षिसाची छोटी रक्कम मे महिन्यात आली. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पत्र वाचलं, देवघरात ठेवलं, आणि मला म्हणाले की त्या रात्री बॅटरीचे सेल संपत आले होते, म्हणून घाईनं गेलो. एवढंच.

आनंदचं पुढे काय झालं हे बुद्धिबळवाल्यांना ठाऊक आहे, पण इतरांसाठी सांगतो. सगळे म्हणत होते, संपला. मार्च २०१४ मध्ये, म्हणजे त्या डावानंतर चार महिन्यांनी, रशियातल्या खांती-मान्सिस्कला कँडिडेट्स स्पर्धा झाली. आनंद जावं की नाही अशा मनःस्थितीत तिथे गेला आणि स्पर्धा जिंकून परत आला. वर्षअखेर सोचीमध्ये तो पुन्हा कार्लसनसमोर बसला आणि पुन्हा हरला. आप्पांना हरण्याचं विशेष वाटलं नाही. 'गेला की नाही परत?' एवढंच ते फोनवर म्हणाले.

आणखी एक गोष्ट. २०१३ च्या त्या सामन्याला हॉलमध्ये एक सात वर्षांचा मुलगा आला होता. काचेच्या पलीकडे बसलेल्या दोघांना बघून त्याला वाटलं होतं, आपण आत बसलो तर किती बरं. हे त्यानंच नंतर सांगितलं. त्याचं नाव डी. गुकेश. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये तो आत बसला होता. चौदावा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या चालीला चीनच्या डिंग लिरेननं हत्ती एफ-२ वर नेला आणि एका चालीत जगज्जेतेपद गेलं. अठरा वर्षांच्या गुकेशला ती चूक दिसली तेव्हा तो लगेच खेळला नाही. थोडं पाणी प्यायला, श्वास घेतला, पुन्हा तपासलं. आमच्या घरी त्या संध्याकाळी आख्खा मजला ओरडत होता. मला मात्र डिंगचा चेहरा बघून आमचे मामा आठवले, न बोलता खाली जाणारे.

आता आपल्या लोकांबद्दल दोन शब्द, नाहीतर चिटणीस म्हणतील की मराठी मंडळात येऊन सगळं तमिळच बोलला. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. खुल्या संघात गुकेश आणि प्रज्ञानंद यांच्याबरोबर आपला नाशिकचा विदित गुजराथी होता. महिला संघाचा कर्णधार पुण्याचा अभिजित कुंटे, आणि तिसऱ्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख, तिनं वैयक्तिक सुवर्णही मिळवलं. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून ग्रँडमास्टर झाली. वय एकोणीस. गोव्याची भक्ती कुलकर्णी तर २०२२ मध्ये इथेच, मामल्लपुरमच्या ऑलिम्पियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या महिला संघात होती. आपल्यापैकी काही जण बस करून तिथे गेले होते, आणि परतताना ईस्ट कोस्ट रोडवर बस बंद पडली होती. मी सोबत होतो. सिग्नलवाला आहे म्हणून मला बॉनेट उघडायला लावलं होतं.

आप्पा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या वह्या सतरा. त्यातली एक मी आज बरोबर आणली आहे. नोव्हेंबर २०१३ चं पान उघडलं की नवव्या डावाच्या सत्तावीस चाली निळ्या शाईत आहेत, अठ्ठाविसावी लाल शाईत, दोन प्रश्नचिन्हांसह. आणि खाली, डावाशी काही संबंध नसलेली एक ओळ, पोस्टातल्या नोंदीसारखी: 'चि. ने रात्री सर्व सांगितले. खलाश्याचे नाव विचारून घेतले.' पुढे अण्णांचं नाव आहे. पूर्ण, आडनावासकट, आप्पांच्या त्या ठसठशीत अक्षरात. तमिळ नावं लिहायची त्यांना सवय नव्हती, एक अक्षर खोडून पुन्हा लिहिलंय.

मला बोलायचं होतं ते झालं. ज्या मुलांना हा डाव पटावर लावून बघायचा असेल त्यांच्यासाठी मागच्या खोलीत चार पट मांडले आहेत. अठ्ठाविसाव्या चालीला उंट एफ-१ खेळून बघा आणि काळ्याला वाचता येतं का ते शोधा. मी सांगणार नाही, मला घरी मुलानं तीन वेळा हरवलंय त्या स्थितीत. आरतीची वेळ झाली आहे, आणि मोदक गार होतायत असं स्वयंपाकघरातून निरोप आलाय.

गणपती बाप्पा मोरया.